ढकललं ना?

मामा,

हे पत्र तुमच्या हाती पडू देणार नाही. वाचलंत तर सावध व्हाल.

आई जिन्यावरून पडून गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. त्या दिवशी मला उचलून घेणाऱ्या शेजारच्या काकू मध्यंतरी भेटल्या. त्यांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "काय झालं गं?" मी म्हणाले होते, "आई घसरली." एवढंच.

मग तुम्ही मला तुमच्या घरी नेलंत. रोज शिलाई मशीनवर बसवून विचारायचात, "बाबांनी ढकललं ना?" मान हलवली की कुशीत घ्यायचात. हळूहळू मला बाबांचा हात दिसायला लागला, मग शर्टाची निळी बाही. कोर्टात मी तीसुद्धा सांगितली. न्यायाधीश म्हणाले, एवढंसं पोर खोटं कशाला बोलेल? मी खोटं बोलतच नव्हते, मामा. बाबा तुरुंगातच वारले आणि ती बाही मला अजून दिसते.

आता तुम्हाला सकाळचं खाल्लेलंही आठवत नाही. मी रोज वृद्धाश्रमात येते, तुमचा हात हातात घेते आणि लाडानं विचारते, "मामा, आईला तुम्हीच ढकललंत ना?" आधी चिडायचात, मग गप्प बसायला लागलात. काल मात्र नर्सपाशी ढसाढसा रडलात. "बहिणीला मीच ढकललं. तिची बांगडी माझ्या हातात राहिली."

बांगडीचं तर मी काही बोललेच नव्हते.

उद्या तिचा रंग विचारेन.

तुम्हीच वाढवलेली,
भाची