निरोगी नमुना

प्रिय बारक्या (बाप झालास तरी बारक्याच),

बाबांना जाऊन महिना झाला. लोक विचारतात, रडलीस का? नाही रडले. सकाळी डबा भरते, प्रयोगशाळेत जाते, मेंदूचे पातळ काप रंगवून काचपट्टीवर बसवते, घरी येते. हातांना काम पाठ आहे, बाकी सगळं बधिर.

आईच्या स्मृतिभ्रंशाच्या आजारपणात बाबा एकदा प्रयोगशाळेत आले होते. आजारी मेंदू मिळतात, पण ताडून बघायला निरोगी म्हाताऱ्यांचे मिळत नाहीत, हे ऐकून तिथेच देहदानाच्या कागदावर सही ठोकली. म्हणाले, तुझी आई जन्मभर म्हणाली, यांचं डोकं काही कामाचं नाही, आता बघू या.

तू विचारायचास, तिथे बघता तरी काय? पेशींचं आपसातलं वागणं बघतो. आईसारख्यांच्या मेंदूत एका प्रथिनाच्या गुठळ्या साठतात. सफाईच्या पेशी त्यांच्याभोवती गोळा होतात, साफ करता करता चवताळतात आणि शेजारणींनाही भडकवतात. या शेजारणींचं काम चेतापेशींना खाऊपिऊ घालायचं, तेच त्या सोडून देतात. मग सफाईवाल्या चेतापेशींमधले चांगले सांधेही खाऊन टाकतात, आणि आठवणी तर त्या सांध्यांवरच टिकतात. आपल्या घरात तेच झालं होतं. सगळे आईच्या खाटेभोवती, बाबांकडे बघायला कोणी नाही.

घरच्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नसतो, म्हणून बाबांचा माझ्या मैत्रिणीने केला. काल ती स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. म्हणाली, हा निरोगींत धरता येणार नाही गं. मग मीही भिंगातून पाहिलं. जागोजागी गुठळ्या, भोवती सफाईवाल्यांचा गराडा, आठवणींच्या भागातले सांधे पार विरळ. हे वर्षा-दोन वर्षांत होत नाही. आईशेजारी कोणीही हुशारच दिसायचं, कळणार कसं? मी काचपट्टी खोक्यात ठेवली, हात धुतले, डबा खाल्ला.

तुझी लेक झाली तेव्हा बाबा आले नाहीत. ती झाल्याझाल्या तूच फोन केला होतास, निघतो म्हणाले होते. नंतर म्हणाले, मला कोणी सांगितलंच नाही. धडधडीत खोटं बोलतात, म्हणालास, आणि बोलणंच टाकलंस. शेवटीही आला नाहीस. दोष देत नाही, तुझ्या जागी मीही रागावले असते. पण हे तुला आजच कळायला हवं, म्हणून लिहायला बसले. बाबा खोटं बोलत नव्हते रे. त्यांच्या लेखी खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

तुझीच,
ताई