हातचा

प्रिय ठकू,

तुझा गेमचा कन्सोल आणला त्या सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी शटरसमोर जाऊन उभा होतो. आंघोळ करून, देवापुढे हात जोडून निघालो होतो. जणू दुकानात नव्हे, परीक्षेलाच चाललो होतो. बरोबर वजनकाट्यावरचा माझा जोडीदार होता. ट्रकांची वजनं करता करता आम्ही कितीतरी दिवस हाच विषय चघळला होता. कुठल्या कन्सोलचं चित्र जास्त स्वच्छ, कुणात जास्त गेम मावतात, कुणाला डिस्क घालायला फट आहे, कुणाचा पंखा घरघरतो आणि या सगळ्यापुढे किंमत कशी. तू पास झालीस म्हणून कबूल केलेलं बक्षीस होतं. तुला विचारलं, तर नेहमीसारखंच म्हणालीस, ‘बाबा, कुठलाही चालेल.’ पोरगी किती समजूतदार, असं वाटून मी खूश झालो होतो.

दुकानदाराने दोन कन्सोल पुढ्यात ठेवले. एकाचं चित्र काचेसारखं, जागा दुप्पट, डिस्कची सोय, आणि सवलत चालू असल्यामुळे दुसऱ्यापेक्षा जरासाच महाग. दुसरा साधा. पण त्याच्यासाठी म्हणे वेगळा कंट्रोलर मिळतो, पाटासारखा सपाट, मोठ्या बटणांचा. मांडीवर ठेवा, टेबलावर ठेवा, तळहाताने दाबा नाहीतर कोपराने. मग त्याने सहज विचारलं, ‘घरात कुणाच्या हाताला काही अडचण आहे का? असेल तर डोळे मिटून हाच न्या.’ जोडीदार माझ्याकडे बघत होता. त्याने तुला कधी पाहिलेलं नाही. मी म्हणालो, ‘छे हो, आमच्याकडे सगळे ठणठणीत!’ इतक्या पटकन तर मी देवाचंही नाव घेत नाही.

आणि काचेसारख्या चित्राचा कन्सोल घेऊन घरी आलो. वाटेत जोडीदार म्हणाला, ‘सौदा मारलास गड्या.’ मलाही तसंच वाटलं.

तू खोकं उघडलंस ते मला अजून दिसतं. कंट्रोलर दोन्ही हातांत घेतलास. उजवा अंगठा बरोबर बसला. डाव्या हाताची आखूड बोटं वरच्या बटणापर्यंत पोचेनात. मग तो गुडघ्यात धरून पाहिलास, हनुवटीने बटण दाबून पाहिलंस आणि स्वतःच हसलीस. म्हणालीस, ‘बाबा, चित्र काय भारी आहे हो!’ आत्याचा मुलगा आला तेव्हा कंट्रोलर त्याच्या हातात दिलास आणि शेजारी बसून ‘अरे डावीकडे, डावीकडे, आंधळा आहेस का!’ म्हणून ओरडत राहिलीस. मी विचारलं, तू का नाही खेळत? तर म्हणालीस, मला बघायलाच जास्त आवडतं. मी मान डोलावली. ठकू, मला कळलं होतं. तरी मी मान डोलावली.

तू होस्टेलला गेल्यावर तुझ्या आईने कन्सोलवर धुतलेलं फडकं टाकलं. झाकता झाकता म्हणाली, ‘अख्ख्या दुकानाला विचारलंत, पोरीला विचारलंत का?’ मी म्हटलं, विचारलं होतं, ती कुठलाही चालेल म्हणाली. यावर तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. तिचं बोलणं परवडतं, बघणं नाही.

गावच्या शाळेत आम्हाला गुरुजी बेरीज शिकवायचे. माझे आकडे सुबक, ओळ सरळ, आणि उत्तर चूक. गुरुजी पाटीवर बोट आपटून म्हणायचे, ‘हातचा विसरलास, गाढवा!’ परवा प्रार्थनेला बसलो आणि मध्येच ते वाक्य कानात वाजलं. सगळं मांडलं होतं मी. चित्र, जागा, पंखा, किंमत. हातचा तेवढा धरला नाही. पण खरं सांगायचं तर विसरलो नव्हतो. लपवला होता. तू लहान असताना प्रत्येक फ्रॉकला डावीकडे खिसा हवा, असं शिंप्याला मीच बजावायचो. कुणी आलं की तुझा हात आपोआप त्या खिशात जायचा. मला वाटायचं, मी तुला लोकांच्या नजरेपासून वाचवतोय. घरात हाताचं नाव काढायचं नाही, हे तू माझ्याकडूनच शिकलीस. म्हणून ‘कुठलाही चालेल’. तुझा समजूतदारपणा नव्हता तो, माझी शिकवण होती.

काल कन्सोल खोक्यात भरला आणि मुद्दाम जोडीदाराला बरोबर घेऊन त्याच दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती, तरी मोठ्याने सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोललो. माझ्या मुलीच्या डाव्या हाताची बोटं जन्मापासून आखूड आहेत आणि हा कंट्रोलर तिला धरता येत नाही. दुकानदार म्हणाला, अहो, तेव्हाच सांगायचं ना. जोडीदाराने मला बाजूला ओढलं. मग म्हणाला, ‘इतकी वर्षं एका डब्यात जेवतोय आपण, लेका. तुला मुलगी तरी खरंच आहे ना?’ मी हसलो आणि मग मला रडू आलं. वापरलेला म्हणून दुकानदाराने थोडं कापून कन्सोल परत घेतला. दुसरा तो लगेच बांधून देत होता, सपाट कंट्रोलरसकट. मी घेतला नाही. म्हटलं, मुलगी सुट्टीला आली की स्वतः येईल, स्वतःच्या हाताने दाबून बघेल आणि काय हवं ते तीच सांगेल. मी फक्त बरोबर येईन. हे तुला फोनवर सांगायला गेलो असतो, तर तू ‘जाऊ दे हो बाबा’ म्हणून मला मोकळं केलं असतंस. ते नको होतं, म्हणून लिहिलं.

तुझाच, उशिरा का होईना खरं बोललेला,
बाबा