वास सुटला की काढ

ता. १०, मंगळवार

चि. भिंगरीस आजीकडून,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझी आई रांगत होती तेव्हापासून कुरकुरतात. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यातलीही निम्मी बुडवलेली, तेव्हा अक्षर लावून वाच आणि शुद्धलेखनाला हसू नकोस.

रविवारी तुझी रजा संपते. सोमवारी तू तुझ्या एक्सरेच्या खोलीत परत जाणार. तुझी लेक गुंडी साडेआठ ते सहा माझ्याकडे राहणार. आणि पहिल्या दिवशी दवाखान्यातल्या लोकांना वाटायला माझ्या हातची चाळीस चहाची बिस्किटं नेणार. हे सगळं तूच ठरवलंस आणि मी हो म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की नंतर माझं मलाच नवल वाटलं.

तुझी चिठ्ठी ओव्हनच्या वर भिंतीला चिकटवली आहे. लोणी नि पिठीसाखर पांढरी होईतो फेटायची, चहा खलात बारीक करायचा, मैदा, चिमूटभर मीठ. लाटण्याएवढा जाड लांब गोळा करून कागदात गुंडाळायचा, अर्धा तास फ्रिजमध्ये, मग सुरीने चकत्या. इथपर्यंत ठीक. पण चहा किती? तर "वास येईल इतका". ओव्हनमध्ये किती वेळ? तर "वास सुटला की काढ". अगं बये, मिनिटं लिहायला तुझी शाई संपत होती का?

दोष माझाच म्हण. भात खाली लागतोय का, दूध नासलंय का, हे झाकण न उघडता ओळखायला मीच तुला शिकवलं.

आज चोवीस करून पाहिली. छान झाली. खुसखुशीत.

बुधवार, दुपार

वरचं "छान झाली" हे खरं नाही. खोडत नाही, पान घाण दिसतं.

झालं असं. चकत्या आत ठेवल्या आणि ओव्हनकडे पाठ करून स्टुलावर मटार सोलत बसले. तीन पावलांवर. खालची शिंपीण गळ्यात टेप तशीच घेऊन धापा टाकत जिना चढून आली.

"आजी, काय जाळताय? खालपर्यंत वास आलाय!"

"काही जळत नाही. तू आपलं शिव."

तिने मला ढकलूनच ओव्हनचं दार उघडलं. धुराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चोवीसच्या चोवीस कोळसा.

"तुम्ही इथेच बसला होतात?"

"मग काय छपरावर?"

"आणि तुम्हाला वास नाही आला?"

"सर्दी झालीय."

"सर्दी तुम्हाला थंडीत झाली होती, आजी. आता पंखा लावून बसलाय तुम्ही."

या बाईची जीभ माझ्याहून लांब आहे, म्हणून तर आमचं पटतं. कोळसे तिनेच डब्यात टाकले. जाताना दारात थांबून म्हणाली, "तिला तुम्ही सांगताय की मी सांगू?"

तर सांगते. थंडीत ताप आला, नाक चोंदलं. ताप उतरला, नाक मोकळं झालं, वास काही परत आला नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून गप्प बसले. तू म्हणालीस, आजी, गुंडीने दुपटं भरवलंय, तुला वास नाही आला? मी म्हटलं, लेकराच्या शीला कसला आलाय वास. तू हसलीस. मीही हसले. तेव्हापासून मी तिच्या तोंडाकडे बघत बसते. तोंड लाल करून कुंथली की समजायचं.

गुरुवार

सकाळी नाक-कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले, एकटीच. तुला नाही सांगितलं, मग शिंपिणीला कशाला सांगू. पोरगेला डॉक्टर. डोळे मिटायला लावून त्याने पाच बाटल्या नाकाशी धरल्या. मी म्हटलं, पाचांतही पाणी आहे, मला फसवतोस होय रे? तो म्हणाला, "आजी, एकाही बाटलीत पाणी नव्हतं." एकीत म्हणे रॉकेल होतं.

परत येईल का, विचारलं. या वयात सांगता येत नाही म्हणाला. वयावर ढकललं की डॉक्टर मोकळे.

घरी येऊन कांदा चिरला. डोळ्यांत पाणी आलं, वास नाही. चहाचा डबा उघडून नाक आत घातलं. चहाची भुकटी नाकात गेली नि शिंका आल्या, तेवढंच.

आता जे लिहायचं ते मंगळवारीच लिहायला बसले होते. बिस्किटांचं पुराण मधे घुसलं. घुसलं कसलं, मीच घुसवलं.

मागच्या रविवारी नातजावयाबरोबर तू दोन तास बाजारात गेलीस आणि गुंडीला माझ्याकडे ठेवलंस. परत आलीस तेव्हा वर सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि मी तिला घेऊन खाली शिंपिणीच्या दुकानात बसले होते. तू विचारलंस, वर का नाही बसलात? मी म्हटलं, पोरीला जरा वारा लागावा म्हणून. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "तू आहेस म्हणून मला नोकरीवर जायचा धीर होतोय."

भिंगरी, त्या दिवशी मी दूध तापत ठेवलं होतं. गुंडी किरकिरायला लागली म्हणून तिला थोपटायला बाहेरच्या खोलीत गेले. दूध उतू जाऊन शेगडी विझली. गॅस चालूच. पोर झोपली, मीही तिच्याशेजारी आडवी झाले, दोन हातांवर स्वयंपाकघराचं दार. किती वेळ झाला मला ठाऊक नाही. मला काही म्हणजे काही कळलं नाही. शिंपीण गुंडीच्या झबल्याचं माप विचारायला वर आली आणि दारातच ओरडली. तिने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, गुंडीला उचलून धावत जिना उतरली. मी मागून. माझ्या पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

पोरीला काही झालं नाही. खाली जाऊन दूध प्यायली, शिंपिणीची टेप चोखत बसली. पण झालं नाही ते शिंपिणीमुळे. माझ्यामुळे नाही.

तिला मी शपथ घातली होती, भिंगरीला सांगू नकोस. का, तर तुझी नोकरी जाईल म्हणून. असं मी तिला म्हटलं. खरं कारण ते नव्हतं. ही म्हातारी आता कामाची नाही हे तुला कळू नये, एवढंच होतं. त्यासाठी मी तुझी पोर पणाला लावून बसले होते.

शुक्रवार

सोबत डबा पाठवते आहे. चाळीस आहेत, मोजून घे. शिंपीण मशीन बंद करून ओव्हनपाशी नाक लावून बसली आणि "आता काढा" म्हणाली तेव्हा काढली. अठरा मिनिटं लागली. हे तुझ्या चिठ्ठीवर लिहून ठेव.

गॅस गळला की बोंबलणारं यंत्र मिळतं म्हणे. सांगून ठेवलंय, उद्या बसेल. पण करपलेल्या दुधाला ते बोंबलणार नाही आणि नासलेल्यालाही नाही. म्हणून मी शिंपिणीशी बोलले. ती मशीन वर माझ्या बाहेरच्या खोलीत आणायला तयार आहे. दिवसभर तिथे शिवेल. तिला खालच्यापेक्षा उजेडही बरा मिळेल, हे तिचं कारण. मला वाईट वाटू नये म्हणून ती तसं सांगते, एवढं मला कळतं.

हे पत्र नातजावयालाही वाचून दाखव. तोही बाप आहे. दोघं मिळून काय ते ठरवा. पाळणाघरात ठेवायची असेल तर ठेवा. मी रागावणार नाही असं लिहीत नाही. रागावेन, पण माझ्यापाशी.

सोमवारी साडेआठला मी खाली फाटकाशी उभी राहीन. गुंडीला आणलीस तर शिंपिणीच्या हातात दे, माझ्या नको. नाही आणलीस तर माझा फोन येईल म्हणून धास्तावू नकोस, सरळ कामावर जा. दहा वाजले की मी आपली वर जाईन.

दहापर्यंत वाट बघणारी,
तुझी आजी