वावरातली होडी

दोंडाईचे, ५ डिसेंबर १९५५

तीर्थस्वरूप पितांबरभाऊंना प्रमिलेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इंग्रजीत पुन्हा नापास झाले. बाकी विषय निघाले, घोडे अडले ते न वाचलेल्या उताऱ्यावर. तुम्ही सांगितले तसे शब्दांचे अर्थ पाठ केले होते, पण परीक्षेत नेमके नवेच शब्द येतात. मी त्यांच्यापाशी अडते आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरते.

इथल्या मुलींच्या शाळेला जूनपासून मॅट्रिक पास बाई हवी आहे. सासूबाईंनी बजावले आहे, मार्चला पास झाली नाहीस तर पुस्तके माळ्यावर. झालीस तरी नोकरीचे नंतर बघू. भाऊ, मला ती नोकरी हवी आहे.

वहिनींना नमस्कार. रागावा, पण उत्तर धाडा.

तुमची
प्रमिला


जळगाव, ११ डिसेंबर १९५५

चि. सौ. प्रमिलेस अनेक आशीर्वाद.

रागावलो तर आहेच. मी शाळेत इंग्रजी शिकवतो आणि सख्खी बहीण त्यातच गचके खाते! शब्द पाठ केल्याविना परकी भाषा येत नाही. मी डिक्शनरी उशाशी घेऊन शिकलो. तू लहानपणापासून चुळबुळी; पाठांतराला बसवले की तुला तहान लागायची.

सोबत एक उतारा आहे. आधी अवघड शब्द लिहून काढ, पाठ कर, मगच वाच.

बन्सीलालरावांना नमस्कार. जीव तुटतो म्हणून बोलतो, मनावर घेऊ नकोस.

तुझा
पितांबर


दोंडाईचे, २० जानेवारी १९५६

तीर्थस्वरूप भाऊंना सा. न. वि. वि.

पाठांतर झाले नाही. मिरची आली आहे; सासूबाई नि मी दिवसभर देठ खुडतो. ढिगाशी बसले की कुणीतरी गोष्ट सांगायची, नाहीतर हात ढिले पडतात, अशी इकडची रीत. माझ्या गोष्टी संपल्या, म्हणून तुमचाच उतारा सकाळी वाचून अहिराणीत सांगितला. अडलेले शब्द अंदाजाने ओलांडले. माणूस उंच जागी बसून रात्री दिवा सांभाळतो, म्हणजे मचाणावरचा जागल्या, असे धरून चालले.

वादळात तो होडी काढतो म्हटल्याबरोबर सासूबाई थांबल्या. म्हणाल्या, वावरमा होडी कथाईन उनी? शेतात होडी कुठून आली, ते मलाही सांगता येईना. तशीच धावले, कागद पुन्हा वाचला. समुद्र होता, भाऊ! लाइटहाऊस हा एकच शब्द डिक्शनरीत पाहिला, दीपगृह निघाले, नि सगळे सरळ झाले. तिखट हाताने डोळा चोळला, त्याचे मात्र विचारू नका.

आता त्या रोज उतारा मागतात. जिथे मला सांगता येत नाही, तिथेच मला कळलेले नसते. आणखी उतारे पाठवा. माया असू द्या.

प्रमिला


जळगाव, २ फेब्रुवारी १९५६

चि. सौ. प्रमिलेस आशीर्वाद.

तुझे पटले नव्हते, म्हणून वर्गात करून पाहिले. पाठांतरात पहिल्या येणाऱ्या मुलाला धडा आपल्या बोलीत सांग म्हटले, तर त्याने पाठ केलेली इंग्रजी वाक्येच पुन्हा म्हणून दाखवली! मागच्या बाकावरचा एकजण घडाघडा सांगू लागला, पण त्यात अर्धे त्याच्या मनचे. तेव्हा तू अंदाज बांध, पण पुढच्या ओळीशी ताडून पाहा. जुळेना तिथे थांब. शब्द थोडे तरी पाठ करच, तो हट्ट मी सोडणार नाही.

उतारे पाठवले आहेत. परीक्षेत तोंड उघडता येणार नाही नि सासूबाई शेजारी नसतील, एवढाच घोर लागला आहे. जपून राहा.

पितांबर


दोंडाईचे, १४ जून १९५६

तीर्थस्वरूप भाऊंना सा. न.

पास झाले! धुळ्याला देवपूरच्या शाळेत नंबर होता. उतारा पुढे आला तशी मनातल्या मनात सासूबाईंना सांगत गेले. बोटे बाकावर देठ खुडत होती. पर्यवेक्षक येऊन पाहून गेले. गाडी अडली की मनातल्या सासूबाई विचारत, मंग काय जायं? नि मी पुढे काय झाले ते सांगे. तुमचे पाठ केलेले शब्दही कामी आले. पहिल्यांदाच वेळ पुरला.

नोकरीचा विषय काढायची मात्र यांची हिंमत होईना, माझीही नाही. काल सकाळी सासूबाई घरात दिसेनात. उन्हाच्या घामाघूम होऊन परतल्या, पाणी मागितले. त्या एकट्याच शाळेत जाऊन आल्या होत्या, आमच्या सुनेने कधीपासून यायचे, असे विचारायला. मला एवढेच म्हणाल्या, सोमवारपासून जाय. भाऊ, मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तिथेच रडले.

आशीर्वाद आहेतच, ते असेच राहू द्यावेत.

तुमची
प्रमिला