ह्यांच्या संगणकाचे कर्नेल माझ्या पश्चात कोणी निवडायचे

मी, वासंती श्रीधर उपासनी, वय एकाहत्तर, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणी न सांगता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. उत्कर्षा घैसास यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. उद्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही असे रुग्णालयात सांगितले, सह्या मात्र पाच ठिकाणी घेतल्या. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहती सदनिका मुलगा आमोद याला. त्यावर इतर कोणी मत देऊ नये.

२. माझे सर्व दागिने सून अस्मिता हिला, तिच्या एकटीच्या नावे. मोडून नवे करायचे असल्यास खुशाल करावे.

३. शिवणयंत्र नणंद शालूताई यांना. "अकरावी शिकलेली बाई, आणि म्हणे कॉम्प्युटर दुरुस्त करते," असे त्या ह्यांच्या वर्षश्राद्धाला भर पंगतीत म्हणाल्या होत्या. यंत्राला तेल कुठे घालायचे ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवले आहे. त्यांना लागेल.

४. आता संगणक. हे कलम लांबेल, कारण मला झोप लागत नाही ती याच्यामुळे.

माझे पती कै. श्रीधर कारखान्यात उपकरण दुरुस्ती करत. निवृत्तीनंतर त्यांनी अंध मुलांच्या एका शाळेतला बंद पडलेला ब्रेल प्रिंटर चालू केला. मराठी मजकुराचे ब्रेल करणारा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. तो प्रिंटर जुन्या रुंद पिनांच्या जोडणीवरच चालतो आणि तशी जोडणी असलेला हा एकच संगणक होता, वीस वर्षांपूर्वीचा. शाळेची खोली गळत होती म्हणून दोन्ही यंत्रे आमच्याकडे आली. मुलांची पुस्तके आमच्या बाहेरच्या खोलीत छापली जाऊ लागली.

सहा वर्षांपूर्वी हे गेले. त्यांच्या वहीतल्या शेवटच्या नोंदीत "उद्या" एवढेच लिहून पुढे जागा सोडली आहे. त्या जागेपासून मी सुरुवात केली, शब्दकोश शेजारी घेऊन.

कर्नेल म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी जागे होणारे आणि बाकीच्यांना कामाला लावणारे. ते पॅकेज म्हणून मिळते आणि त्याचे प्रकार असतात. तीन वर्षांपूर्वी सहामाहीच्या आधी आमोद दोन दिवस राहायला आला आणि मी मंडईत गेलेली असताना त्याने आईला मदत केली.

"आई, किती जुनं चालवत होतीस! नवीन टाकलंय. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून जुनं काढून टाकलं."

"चालू होतंय का ते बघितलंस?"

"होणारच. लेटेस्ट आहे, अगं!"

झाले नाही. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, की या प्रोसेसरमध्ये पीएई नावाची सोय नाही. परत जायला जुने कर्नेलही राहिले नव्हते. योग्य कर्नेल शोधून मी घालेपर्यंत अकरा दिवस यंत्र बंद होते. मुलांना भूमितीचा पेपर तोंडी वाचून दाखवावा लागला. आकृतीसुद्धा तोंडीच.

यावरून मी आमोदला वर्षभर बोलले. नंतर आठवले, घरात नवे पातेले आले की त्याच दिवशी जुने मोडीत द्यायचे, हा नियम माझाच. तो त्याच नियमात वाढला. ते सगळे बोलणे मी येथे लेखी मागे घेते.

ज्याच्या हाती यंत्र जाईल त्याने आधी प्रोसेसरच्या गुणांची यादी वाचावी. त्यात पीएई हा शब्द नाही, म्हणून नुसते '६८६' हेच कर्नेल घ्यावे. '६८६-पीएई' घेऊ नये. ते जास्त मेमरी वापरता यावी म्हणून असते, आणि आपल्याकडे मेमरी एक जीबी आहे. 'एएमडी६४' हे चौसष्ट बिटांच्या यंत्रांसाठी. आकडा मोठा दिसला म्हणून भुलू नये. नवे कर्नेल चालू होऊन एक पान छापून निघेपर्यंत जुने काढू नये. या प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीत अशा जुन्या यंत्रांसाठी कर्नेल देणेच बंद झाले आहे, तेव्हा आवृत्ती बदलू नये. लागणारी पॅकेजे दोन पेनड्राइव्हवर ठेवली आहेत. दोन, कारण एकावर माझा विश्वास नाही.

५. हे कोणाला द्यायचे? नाजिमा तांबोळी हिचे नाव मी येथे दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. ती त्या शाळेत शिकवते. छापलेले प्रत्येक पान तीच बोटांनी तपासते. मला ब्रेल येत नाही. तिला दिसत नाही. यंत्र तिच्याशी बोलते, पण ते पूर्ण चालू झाल्यावर. अडकते ते त्याच्या आधी. मी तिला तसे स्पष्ट सांगितले.

"काकू, काळा पडदा मला रोजच असतो," ती म्हणाली. "यंत्र बोललं नाही म्हणजे उठलं नाही, एवढं कळतं मला."

"आणि उठलं नाही तर?"

"तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा हात लावला आणि चुकले, तर विचारू कोणाला? त्यापेक्षा आत्ता चुकते की."

जुनी डिस्क खरखर करत होती, ती बदलून सगळे नव्याने घालायचेच होते. गुरुवारी तिला बसवले. पेनड्राइव्हवरून नव्याने घालताना पर्याय वाचून दाखवणारा आवाज असतो. जुनी डिस्क मी हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार लावले. मध्येच तिने हाक मारली, "काकू, यादीत दोन आहेत. पीएईवालं वर आहे."

मी उत्तर दिले नाही. फार जड गेले.

पाऊण तासाने प्रिंटर खडखडला. मी बाहेर आले तर ती पानावरून बोट फिरवत होती. "ठिपके छान उठलेत," म्हणाली. "तुम्ही रडताय का? आवाज येतोय."

म्हणून हे कलम बदलते. संगणक, प्रिंटर, ह्यांची वही, जुनी डिस्क आणि दोन्ही पेनड्राइव्ह मी शुक्रवारी नाजिमाला देऊन टाकले. शाळेची खोली आता गळत नाही. शेजारचे बापूराव कोंडे यांनी आपल्या टेम्पोतून सगळे पोचवले. या वस्तू माझ्या मालमत्तेत धरू नयेत. आमोदने त्या परत मागू नयेत, आणि तिने बोलावल्याशिवाय मदतीला जाऊ नये.

६. मृत्युपत्राची व्यवस्था आमोदनेच पाहावी. कामाला तो चोख आहे.

शुक्रवारपासून नाजिमाचा फोन नाही. मीही केलेला नाही. यंत्र चालू आहे म्हणूनच तिचा फोन नाही, असे धरून मी खाली सही करते.

वासंती श्रीधर उपासनी
ठिकाण: कर्वेनगर, पुणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

वासंतीबाईंनी वाचून, चष्मा पुसून, पुन्हा वाचून आमच्या समक्ष सही केली. आम्ही दोघांनीही त्यांच्यासमोर सह्या केल्या. यातले काही आम्हाला मिळायचे नाही.

साक्षीदार:
१. डॉ. उत्कर्षा घैसास
२. बापूराव जयसिंग कोंडे