ग्रेसची तालीम

शनिवार संध्याकाळ, अल्फारेटा, अमेरिका

आफ्रिकेतल्या अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी निधी जमवायचा आजचा लंच माझ्याच रेस्टॉरंटमध्ये होता, जेवण माझ्याकडून. किचनमागच्या खोलीत लंच ठेवणाऱ्या संस्थेचा सेक्रेटरी महेश लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावून युगांडातल्या ग्रेसची तालीम घेत होता, पाहुण्यांना तिची कहाणी कशी सांगायची याची. माझे कान तिखट. दाराबाहेरूनच ऐकलं, "'बाबांना कोयत्याने तोडलं' म्हटलंस की थांब. पुढचं सावकाश सांग."

दहा वर्षांची पोर. सावकाश सांग म्हणे!

आत शिरलो. "बंद कर हे."

"काका, लोक रडले की सढळ हाताने देतात. शेवटी शाळेची फी तिचीच ना? प्रॅक्टिकल व्हा यार."

फी तिचीच, हे खरं. म्हणूनच जास्त भडकलो की काय? कॉलर धरून भिंतीवर आपटलं त्याला, तोंडावर दोन ठोसे हाणले. नाकातून रक्ताची धार लागली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? आणखी मारणार होतो.

तेवढ्यात दिसलं, लॅपटॉप चालूच होता. स्क्रीनवर नुसती खुर्ची.

"ग्रेस?"

ती तिकडच्या टेबलाखाली दडली होती. तिथूनच म्हणाली, "अंकल, मी नीट सांगेन. त्यांना मारू नका."