मिश्री लावणाऱ्यांची यादी

ता. ३ नोव्हेंबर १९३२

हरिश्चंद्र गेला. माझा मेहुणा, कमळाचा थोरला भाऊ, वय चौतीस. पोटात कळा, रक्त, आणि आज ऑपरेशनच्या टेबलावरच संपलं. आतडं आतड्यात शिरलं होतं. सर्जनसाहेबांनी उघडून दाखवलं — आतून मांसाचे कोंबच कोंब! कुळथाएवढे, जांभळाएवढे, काहींना देठ. 'हे कशाने येतात?' मी विचारलं. म्हणाले, 'डॉक्टर तुम्हीही आहात. शोधा.'

सासरे असेच गेले, कमळाची आत्याही. तिच्या माहेरी आता धाकटा बाळाच उरला. आणि माझ्या घरी कमळा, चार वर्षांची मैना. कारण सापडायलाच हवं. आणि ते टाकून देता येण्यासारखं हवं — देवा, खाण्यापिण्यातलं काही असू दे.

ता. २० नोव्हेंबर

मालगुंडात चार दिवस. सासरच्या भावकीची सात घरं वही घेऊन फिरलो. सुकट किती, ताडी किती, विडी, विहीर कोणती. शेजारचे लोकही तेच सुके बांगडे खातात, तेच पाणी पितात आणि ठणठणीत आहेत. सुकट बाद, विहीर बाद.

एक खटकलं. मी वही उघडली की काही जण तोंडावर हात धरतात. बायका पदर. बाळा अर्धा तास हाताआडून बोलत होता! जावयाचा मान म्हणावा, तर चहाला कोणी विचारलं नाही.

ता. २१ नोव्हेंबर

सापडलं! मिश्री!

भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड. दात घासायला बायका लावतात हे ठाऊक होतं. या भावकीत काही पुरुषही लहानपणापासून लावतात, ओठांपर्यंत फासतात. लावणारे एकोणीस — नऊ गेले, पाचांना रक्त पडतं. न लावणारे चोवीस — एकालाही काही नाही. म्हाताऱ्या मथुराकाकीला विचारलं, एकाच घरात धाकू लावतो, त्याचा भाऊ शिवा का नाही? म्हणाली, 'त्याला कशाला व्हवी?' अडाणीपणा, दुसरं काय. वाटभर शीळ घालत घरी आलो.

ता. २२ नोव्हेंबर

कमळाची मिश्री आजपासून बंद. भांडली नाही. एवढंच म्हणाली, 'मग माझ्या तोंडाकडे बघत जाऊ नका.'

ता. ९ डिसेंबर

दात चांगले पांढरे निघाले. ओठांवर मात्र ठिपके राहिलेत, तिळाएवढे. वर्षानुवर्षांचा रंग तो, जाईल हळूहळू. लिंबू चोळायला सांगितलं.

ता. १८ डिसेंबर

गेले नाहीत. सकाळी तिला खिडकीत बसवून गालांच्या आतून पाहिलं. तिथेही आहेत, कातडीतच मुरलेले. 'कधीपासून?' 'मला कळतंय तेव्हापासून.'

मग भाजी निवडता निवडता तिने सांगून टाकलं. त्यांच्यात ज्याच्या ओठावर ठिपके उठतात त्यालाच मिश्री लावतात. कोणीतरी ठिपके मोजत हिंडतो म्हणे. मोजून झाले की त्या माणसाचं आतडं पिळतो. मिश्रीने काळ्या केलेल्या तोंडावरचे त्याला मोजता येत नाहीत. 'तुम्ही वही घेऊन दारात उभे राहिलात ना,' ती म्हणाली, 'तेव्हा सगळ्यांची बोबडी वळली. बाळानं निरोप धाडला होता — भावोजींना आवर.'

यादी खरी आहे. मीच ती उलटी वाचली. मिश्रीने कोंब येत नाहीत. ज्यांच्या नशिबी कोंब, तेच मिश्री लावतात. बापाकडून, आईकडून येतं हे. काय टाकायला सांगू? फार भीती वाटते आहे.

ता. १९ डिसेंबर

यादीची वही उघडली नाही.

ता. २ जानेवारी १९३३

मैनाच्या खालच्या ओठावर आज एक ठिपका दिसला. ओल्या फडक्याने पुसला, पुन्हा पुसला, ती रडायला लागली. कमळा दारात उभी होती. तवा मीच चुलीवर ठेवला आणि तंबाखू भाजायला बसलो.